खाली ठेवलेला फिंजान

दादा खाली बसला तेव्हा मला वाटलं ऊन लागलं. जुलै महिना, दुपारचे साडेचार. किचनपासून तंबूपर्यंत पन्नासेक पावलं उघड्या अंगणातून जायचं. दादाच्या डाव्या हातात कॉफीचा दल्ला, म्हणजे अरबांची ती लांब चोचीची पितळी किटली, आणि उजव्या हातात फिंजानची चळत. फिंजान म्हणजे बिनकानाचा एवढासा कप, दोन घोटांचा. मी मागून खजुराचं ताट घेऊन. चालता चालता तो मधेच बसला. पडला नाही, बसला. दमलेला माणूस पायरीवर बसतो तसा. दल्ला कलंडला आणि कॉफी लादीवर पसरली.

"दादा, काय झाला रे?"

"कप बघ," म्हणाला. "फुटतले."

आणि मी कप गोळा करायला लागलो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही. एक टाकीखाली गेला होता तो वाकून काढला. मग वळून बघितलं तर त्याच्या पांढऱ्या झग्यावर मानेजवळ, गळ्याच्या हाडाच्या मागे, पैशाएवढा लाल ठिपका. वरून खाली गेलेलं भोक. तो ठिपका बघता बघता मोठा झाला आणि दादा माझ्या मांडीवर आडवा झाला.

तंबूच्या पुढे रस्त्यावर बंदुका चालूच होत्या. आनंदाच्या बंदुका. आमचा साहेब निवडून आला होता.

साहेब स्वतः आले. बू मिशारी, म्हणजे मिशारीचे वडील, तिथे मुलाच्या नावानेच हाक मारतात. अंगावर जरीचा काळा झगा, सकाळपासून लोकांनी चुंबून चुंबून गाल लाल झालेले. ते दादाजवळ गुडघ्यावर बसले, त्याच्या कपाळाला हात लावला, "लाफू, लाफू" म्हणाले. त्यांना व म्हणता येत नाही, लवूचा लाफू करायचे. मग उठले आणि मुलाला म्हणाले, "मागच्या गेटने घेऊन जा. पुढे पेपरवाले आहेत."

पुढच्या गेटसमोरून मोठा रस्ता होता. मागच्या गेटाच्या गल्लीत पाहुण्यांच्या गाड्या वेड्यावाकड्या उभ्या. त्या बाहेर काढण्यात किती वेळ गेला ते मला माहीत नाही. दादाने तेवढ्यात एकदा डोळे उघडले. इस्पितळात पोचलो तेव्हा डॉक्टरने फक्त घड्याळ बघितलं.

तेजस्वी, तू तेव्हा तीन वर्षांची होतीस. आता तू विचारतेस की काका, पप्पा नेमके कशाने गेले, गावात कोण म्हणतं भांडण झालं, कोण म्हणतं चोर समजून मारला. तूच मला फोनवर मराठी टाइप करायला शिकवलंस आणि म्हणालीस, बोलता तसं लिहा. तर बोलतो तसंच लिहितोय. मी चौथी शिकलेला, चुकलं तर समजून घे. तुझ्या पप्पांचं कोणाशी भांडण नव्हतं.

दादा कुवेतला गेला ब्याण्णव साली. इराकी लोक निघून गेले होते, शहर जळकं होतं, साफसफाईला माणसं हवी होती. कुडाळ तालुक्यातून बारा जण गेले, त्यात दादा. पहिली दोन वर्षं दस्मानला समुद्राकडच्या इमारतींत काच आणि राख उचलली. त्यातल्या एका इमारतीत बू मिशारींचं ऑफिस होतं. तिथे चहा करणारा पळून गेला म्हणून एक दिवस दादाला चहा करायला सांगितलं. दादाने आपल्या घरच्यासारखा केला, आलं ठेचून, गूळ नाही म्हणून साखर जास्त घालून. बू मिशारी दोन कप प्यायले आणि म्हणाले, हा माणूस माझ्या दिवाणियात पाहिजे.

दिवाणिया म्हणजे घराला लागून असलेली पुरुषांची बैठक. भिंतीला लागून चारी बाजूंनी गाद्या, संध्याकाळच्या नमाजानंतर लोक येतात, बसतात, कॉफी पितात, बोलतात. सगळं राजकारण तिथेच चालतं. मजलिस, म्हणजे त्यांची विधानसभा, ती नंतर. आधी दिवाणिया.

दादा तिथे नऊ वर्षं उभा राहिला. खरंच उभा, कारण कॉफी देणाऱ्याने बसायचं नसतं. हिरव्या बियांची फिकट कॉफी, वेलची आणि केशर घातलेली, दूध नाही साखर नाही. एकदा सुट्टीत गावी घेऊन आला. आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "हो काढो कोणाक होयो? माका ताप नाय." दादा हसून हसून खाली बसला होता.

त्या कॉफीचे कायदे असतात. दल्ला डाव्या हातात, फिंजान उजव्या हातात, आणि उजवीकडून सुरुवात करायची. फिंजान भरायचा नाही, तळाला थोडीच ओतायची, भरून दिला तर माणसाला वाटतं पी आणि जा. पाहुण्याला पुरे झालं की तो फिंजान हलवतो, मग थांबायचं, नाही हलवला तर ओतत राहायचं. आणि एक कायदा सगळ्यात मोठा. कोणी फिंजान घेतला आणि न पिता खाली ठेवला, तर त्याची काहीतरी मागणी आहे. यजमानाने विचारलंच पाहिजे, काय हवंय. आणि यजमान "कॉफी पी" म्हणाला की समजायचं मागणी मान्य. मग मागे फिरता येत नाही. दादा मला हे जलीबच्या, म्हणजे आमच्या कामगारवस्तीतल्या, खोलीत स्टीलच्या पेल्यांनी करून दाखवायचा. आम्ही सात जण एका खोलीत. तो उभा, आम्ही गादीवर शेख.

रितेश नावाचा रत्नागिरीचा पेंटर होता आमच्यात, तो पेला खाली ठेवून म्हणायचा, "शेख लवू, माझी मागणी आहे. आज भांडी तू घास."

"पी," दादा म्हणायचा. "आणि मगे पेलोय तूच घास."

मला दादाने अठ्ठ्याण्णव साली नेला, लादीच्या कामावर. मी त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा, त्यामुळे माझा बाप म्हणजे तोच.

दादाला मतांचा फार नाद. स्वतःला मत नाही, गावी बारा वर्षं मत टाकलेलं नाही, पण बू मिशारींच्या मतदारसंघातली घरं त्याला पाठ. कोण किती फिंजान पितो यावरून तो सांगायचा, हा आपला, हा नाही. "एक पिऊन हालवता तो आमचो नाय. तीन पिता आणि मगे नातवाचा सांगता, तो आमचो." नव्व्याण्णवच्या निवडणुकीत बू मिशारी एक्केचाळीस मतांनी आले. दादाने आधीच सांगितलं होतं, पन्नासच्या आत. ते एक्केचाळीस तो असं म्हणायचा जणू त्यानेच एकेकाला हाताला धरून आणलं. "आमचो मेंबर" म्हणायचा. रितेश चिडवायचा, "तुझ्या मेंबरला सांग आपल्या संडासात पाणी आण." दादाला राग यायचा, खरा राग.

आता बंदुकांचं.

इराकी आले आणि गेले तेव्हा बंदुका मागे सोडून गेले. शिवाय तिथल्या लोकांनी लढायला जमवलेल्या. घराघरात होत्या. कपाटात, गच्चीवर, वाळवंटातल्या तंबूत. लग्न असलं की हवेत उडवायच्या. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येणार, पण ती कुठे येते ते बघायला कोण जातंय. ती बहुतेक जलीबसारख्या ठिकाणी येते, कारण तिथे उघड्या गच्चीवर माणसं असतात.

शुक्रवार आमचा केस कापायचा दिवस. दोन हजार दोनचा जानेवारी, छान थंडी. दादा गच्चीवर माझे केस कापत होता. मी डब्यावर बसलेलो, गळ्यात टॉवेल. लांब कुठेतरी लग्न चाललं होतं, ताड ताड आवाज. दादा म्हणाला, "मान खाली घाल." मी घातली. आणि मांडीवर कोणी हातोडा मारल्यासारखं झालं.

डॉक्टरने गोळी काढली, बोटाच्या पेराएवढी. पाय वाचला, पण गुडघा पूर्वीसारखा वाकत नाही. लादीचं काम उकिडवं बसून करायचं असतं, त्यामुळे मी तेव्हापासून एका मांडीवर बसून करतो. दादा सारखा तेच म्हणायचा, "मियाच तुका थंय बसवलंय." मी म्हणायचो, दादा, गोळी तू उडवलीस काय? तरी त्याचं तेच.

त्याने ती गोळी धुतली, रुमालात बांधली आणि बू मिशारींकडे घेऊन गेला.

तेव्हा कायद्याची बोलणी चालली होती. पोलिसांनी घराघरात जाऊन हत्यारं शोधायची, ज्याने आपणहून आणून दिली त्याला शिक्षा नाही. पूर्वी असा कायदा होता, त्याची मुदत संपली होती, तो परत आणायचा होता. मजलिसमध्ये मतदान व्हायचं होतं. दादाने रुमाल सोडला आणि गोळी साहेबांच्या तळहातावर ठेवली. साहेबांनी ती उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "लाफू, हा तुझा भाऊ म्हणजे माझा मुलगा. माझं मत कायद्याला. ही गोळी मी मजलिसमध्ये टेबलावर ठेवीन." आणि झग्याच्या खिशात टाकली.

दादा त्या दिवशी जलीबला आला तो बिर्याणी घेऊनच. मला तो शत्रुघ्नचा शत्रू करून हाक मारायचा.

"तेना माका शब्द दिल्यान हा, शत्रू. तुझी गोळी मजलिसमधी जातली!"

रितेश म्हणाला, "गोळीला व्हिसा मिळाला, पाण्याला अजून नाही."

आठ-दहा दिवस बू मिशारी खरंच ती गोळी दिवाणियात सगळ्यांना दाखवत होते. माझ्याबद्दल सांगायचे. कोणी मान हलवायचे, कोणी गप्प बसायचे. जे गप्प बसायचे ते एक फिंजान पिऊन हलवायचे आणि उठायचे. दादाला ते दिसत होतं. मला त्याने सांगितलं नाही.

मला कळलं ते गुरुप्रसाद साहेबांकडून. ते पुण्याचे, तेल कंपनीत इंजिनियर, रिग्गईला राहायचे. मी त्यांच्या बिल्डिंगीत बाथरूमच्या लाद्या बसवत होतो. सकाळी मला चहा दिला तेव्हा ते पेपर वाचत होते. म्हणाले, "शत्रुघ्न, तुझ्या भावाचे साहेब कोण ते? बू मिशारीच ना?"

"होय साहेब."

"काल मतदान झालं. कायदा पडला. हे नाहीवाल्यांत आहेत. नुसते आहेत असं नाही, भाषण केलंय. घर म्हणजे माणसाची अब्रू, बायकामुलींच्या खोलीत पोलीस शिरू देणार नाही, असं."

मी म्हटलं, साहेब, नाव नीट बघा. त्यांनी परत बघितलं. पेपर माझ्याकडे केला, जसं काही मला वाचता येणार होतं. फोटो होता. हात वर करून बोलतायत.

संध्याकाळी मी दादाला विचारलं, "तुका म्हायत होता?"

तो कांदा कापत होता. कापतच राहिला.

"आठ दिवस झाले," म्हणाला.

मग सांगितलं. कबिल्याचे पाच म्हातारे आले होते. कबिला म्हणजे आपल्याकडे भावकी म्हणू, पण हजारो माणसांची. निवडणुकीच्या आधी कबिला आपल्यातच एक निवडणूक घेतो आणि उमेदवार ठरवतो. त्यात जो पडला त्याने पुढे उभंच राहायचं नाही. ते पाच जण बसले. दादाने उजवीकडून सुरुवात केली. पहिल्याने फिंजान घेतला आणि पुढ्यात लादीवर ठेवला. दुसऱ्याने ठेवला. पाचही ठेवले. खोलीत चाळीस माणसं, कोणी हललं नाही. दादा दल्ला घेऊन मधे उभा.

बू मिशारींनी विचारलं, काय हवंय?

म्हातारा म्हणाला, "आमच्या घरात पोलीस येता कामा नये. नव्वद साली सरकार पळालं तेव्हा आम्ही या बंदुकांनी आमच्या बायका राखल्या. उद्या परत इराकी आले तर?"

दादा म्हणाला, साहेबांनी माझ्याकडे बघितलं. खिशात हात घातला, गोळी होती तिथे. हात तसाच ठेवला. मग म्हणाले, "कॉफी प्या."

पाचही जणांनी उचलून प्यायली. आणि रिकामे फिंजान पुढे केले.

"आणि तू काय केलंस?" मी विचारलं.

"ओतलंय," दादा म्हणाला. "ओतूक नको? माझा काम ता. माझ्याच हातान ओतलंय."

मला इतका राग आला की मी म्हटलं, उद्यापासून जाऊ नको. माझा पाय विकला त्याने आणि तू त्याला कॉफी पाजतोस. दादाने सुरी खाली ठेवली. म्हणाला साहेबांनी त्याला नंतर एकटा बोलावलं होतं, सगळं समजावून सांगितलं. ते काय म्हणाले ते मला शब्दाला शब्द आठवतं, कारण दादाने ते मला शंभर वेळा सांगितलं असेल. साहेब म्हणाले, "लाफू, मी हो म्हटलं तर ज्यांच्या घरात बंदूक आहे ते मरेपर्यंत विसरणार नाहीत. ज्यांच्या घरात नाही ते मत टाकायच्या दिवशी लक्षातसुद्धा ठेवणार नाहीत. आणि ज्यांच्यावर गोळी पडते त्यांना मतच नाही. मागच्या वेळी शेजारच्या मतदारसंघातल्या माझ्या मित्राने हो म्हटलं, तो आज गाड्या विकतो. मी एक्केचाळीस मतांचा माणूस आहे."

"खरा बोलले," दादा म्हणाला.

"खरा बोललो म्हणान शब्द फिरलो नाय काय?"

"तुका कळाचा नाय. पुढची निवडणूक होऊ दे. निवडून इलो काय चार वर्षा कोणाचा भय? मगे तो आणतलो कायदो. माका सांगल्यान हा."

आणि माझा दादा त्या शब्दावर दीड वर्ष राबला. नोकरी म्हणून नाही, माझ्या गुडघ्यासाठी. त्याचं डोकं असं चालायचं की साहेब जास्त मतांनी आला तर त्याला भीती उरणार नाही, म्हणून मतं वाढली पाहिजेत, म्हणून कॉफी चांगली झाली पाहिजे. हसू नको तेजस्वी. जो म्हातारा दमेकरी होता त्याला तो वेलची कमी घालून वेगळी करून द्यायचा. कोणाचा मुलगा आजारी, कोणाकडे नातू झाला, सगळं लक्षात ठेवून साहेबांच्या कानात सांगायचा. मधे परत लढाई झाली, इराकवर, सगळे मास्क घेऊन फिरत होते, अर्धे मल्याळी घरी गेले. तुझ्या आईने, शैला वहिनीने, फोनवर रडून सांगितलं, या परत. दादा म्हणाला, जुलैत मतदान आहे, मग चतुर्थीला येतो, महिनाभर राहतो.

त्याने साहेबांकडे एकच गोष्ट आणखी मागितली. निवडून आलात तर तुमच्या अंगणात बंदुका नकोत. साहेबांनी लगेच मान्य केलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. दादाने असमाकडून फळा लिहून घेतला. असमा म्हणजे त्या घरात मुलांना शिकवायला येणारी मिसरची, म्हणजे इजिप्तची, बाई, अक्षर सुंदर. हिरव्या रंगात अरबीत लिहिलं, आनंद करा, गोळीबार नको. दादाने मला तो फळा दाखवायला मुद्दाम बोलावलं होतं. मला वाचता येत नव्हता, तरी चांगला दिसत होता.

पाच तारखेला मतदान झालं. बू मिशारी सातशेच्या वर मतांनी आले. दादाने मला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला, नाचत होता फोनवर. "सातशे! शत्रू, सातशे! दुपारी ये, माणसा कमी पडतत."

मी दुपारी गेलो. गेटवर फळा नव्हता.

किचनच्या मागे भाताचं मोठं पातेलं उतरवून ठेवलं होतं, त्याच्याखाली तो फळा होता. उलटा. कडेला हिरवा रंग दिसत होता. मी दादाला दाखवला.

दादा म्हणाला, "वारो होतो सकाळी. पडलो आसतलो. कोणीतरी उचलून थंय ठेवल्यान."

"दादा, वाऱ्यान पडलो तर परत लावूचो नाय?"

"लावतत. गर्दी आसा आता."

तेवढ्यात साहेबांचा मुलगा मिशारी किचनमध्ये आला बर्फ मागायला. दादाने त्याला विचारलं, फळा परत लावू का? मुलगा चांगला होता, दादाच्या डोळ्यांसमोर वाढलेला. तो लाजला. म्हणाला, "बाबांनीच काढायला सांगितला. येणारे सगळे आपले मतदार आहेत, लाफू. आजच्या दिवशी त्यांना काय सांगायचं?"

दादाने दल्ला भरला. फिंजान पुसले, प्रत्येक आतून बाहेरून, नेहमी पुसायचा त्यापेक्षा जास्त वेळ. बाहेर पहिला आवाज झाला, मग खूप. मी म्हटलं, दादा, थोडा थांब, हे संपू दे.

"कॉफी थंड होता," म्हणाला.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच.

कोणाची गोळी ते कधीच कळलं नाही. तीस-चाळीस जण उडवत होते. कागदावर लिहिलं, अज्ञात. साहेबांच्या ऑफिसने सगळं भराभर केलं, पेटी, विमान, सह्या, चौथ्या दिवशी दादा घरी. लोक म्हणाले बघा किती चांगला माणूस, दुसऱ्यांची महिना महिना अडकतात. मीही तेव्हा काही बोललो नाही. पेटी लवकर यावी एवढंच मला हवं होतं. त्या वर्षी आपल्याकडे गणपती आणला नाही. तू मखरासाठी रडलीस, तुला आठवत नसेल.

सप्टेंबरात मी परत गेलो. दादाची पिशवी राहिली होती दिवाणियात, ती आणायला एका सोमवारी संध्याकाळी गेलो.

मी दारात उभा राहिलो तर बू मिशारी उठून आले. आमदार माणूस, चाळीस लोकांसमोर, मला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं, मी अगदी जवळून बघितलं. मला हाताला धरून आपल्या बाजूला बसवलं. मी त्या गादीवर पहिल्यांदाच बसलो. दादा नऊ वर्षांत कधी बसला नाही.

समोर त्या पाच म्हाताऱ्यांतले तीन होते. दादाने वर्णन केलं होतं, त्यामुळे ओळखले, एक दमेकरी, एक रंगवलेल्या दाढीचा, आणि तेव्हा बोलला होता तो.

नवा कॉफीवाला बांगलादेशी होता, नुकता आलेला, दल्ला उजव्या हातात धरून. कोणीतरी त्याला सांगितलं तेव्हा हात बदलला. माझ्याकडे आला. फिंजान काठापर्यंत भरून दिला.

मी तो घेतला आणि पुढ्यात लादीवर ठेवला.

मी ठरवून गेलो होतो, जलीबपासून बसमध्ये अरबी वाक्य पाठ करत. विचारलं असतं तर एवढंच सांगायचं होतं, माझ्या भावाला दिलेला शब्द. दुसरं काही मागायचं नव्हतं.

बोलणं बंद झालं. आधी आमच्या बाजूचं, मग पलीकडचं. सगळे त्या फिंजानकडे बघत होते. बू मिशारीही बघत होते. त्यांनी झग्याच्या खिशाकडे हात नेला आणि परत मांडीवर ठेवला.

बोलणारा म्हातारा पुढे वाकला. मला नाही, साहेबांना विचारलं, "याची काय मागणी आहे?"

मी तोंड उघडलं. बू मिशारींनी माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाले, "हिंदुस्थानी आहे. त्याला आपल्या चालीरीती माहीत नाहीत. त्याला कॉफी नको आहे, एवढंच."

माझं पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं. दमेकरी म्हाताऱ्याने मान खाली घातली. बाकीचे बोलायला लागले, कुठल्या तरी रस्त्याबद्दल.

साहेबांनी बांगलादेश्याला बोटाने खुणावलं. तो आला, वाकला, भरलेला फिंजान उचलला आणि कोपऱ्यात उष्टे कप टाकायची पाण्याची तांब्याची वाटी होती तिच्यात कॉफीसकट सोडला.